'बी' बाजू 'ए' बाजूपेक्षा उजवी ठरते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या जुन्या सिंगल तबकड्यांबद्दल वाचक जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने दिले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर असतो: जे गाणे कंपनीने मागच्या बाजूला टाकले, तेच पुढच्या गाण्यापेक्षा उजवे कसे निघाले? उदाहरणे मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटन येथील आहेत, कारण सिंगलचा धंदा ज्या अर्थाने तेथे चालला त्या अर्थाने तो आपल्याकडे कधी चालला नाही (प्रश्न १५ पाहा).

१. 'ए' बाजू आणि 'बी' बाजू म्हणजे नेमके काय?

सिंगल म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टर या कंपनीने १९४९ साली बाजारात आणली आणि पुढची तीन-चार दशके 'सिंगल' म्हटले की हीच तबकडी डोळ्यांसमोर येत असे. जे गाणे रेडिओवर वाजावे, ज्याची जाहिरात व्हावी आणि ज्याच्या नावावर तबकडी खपावी असे कंपनीला वाटे, ते 'ए' बाजूवर जाई. उरलेली बाजू ती 'बी'. इंग्रजीत तिला 'फ्लिप साइड', म्हणजे उलटवल्यावर लागणारी बाजू, असेही म्हणतात. ए आणि बी ही अक्षरे गाण्यांची प्रतवारी सांगत नाहीत. विक्री खात्याने श्रोत्यांच्या आधी घेतलेला निर्णय तेवढा त्यांतून कळतो. तो निर्णय पुष्कळदा बरोबर असे, आणि ज्या वेळी तो चुकला त्या वेळांबद्दल हे पान आहे.

२. विकायचे गाणे एकच होते, तर दुसरी बाजू कोरी का सोडली नाही?

सुरुवातीला ती कोरीच असे. ग्रामोफोनच्या पहिल्या काळातील तबकड्या एकाच बाजूने वाजत. १९०४ साली ओडियन या जर्मन कंपनीने दोन्ही बाजूंनी वाजणारी तबकडी विकायला काढली आणि एका तबकडीत दोन गाणी मिळू लागल्यावर इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. म्हणजे बी बाजू कोणाच्या कलात्मक गरजेतून जन्मलेली नाही. ती भरलीच पाहिजे अशी एक रिकामी जागा होती. माझ्या मते तिचे सगळे गुण आणि अवगुण या एका गोष्टीतून निघतात. तेथे कोणी काही मागत नसल्यामुळे भरताड खपून जाई, आणि कोणाचे लक्ष नसल्यामुळे जे पुढच्या बाजूवर करण्याची छाती झाली नसती तेही करता येई.

३. मागच्या बाजूच्या गाण्याला रॉयल्टी कमी मिळे का?

तबकडीच्या विक्रीवरील रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना सारखीच मिळे, कारण गिऱ्हाईक तबकडी अर्धी विकत घेऊ शकत नाही. रेडिओवरील प्रक्षेपणाचे पैसे मात्र जे गाणे वाजे त्यालाच मिळत. यातील सर्वांत बोलके उदाहरण क्वीन या वृंदाचे आहे. १९७५ साली फ्रेडी मर्क्युरीच्या 'बोहेमियन रॅप्सडी'ने ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक राखला, आणि तिच्या पाठीवर बसलेले ड्रमवादक रॉजर टेलर याचे 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' हे गाणे फारसे कोणी ऐकले नसले तरी प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागे टेलरलाही तेवढेच पैसे मिळाले. बँडमध्ये त्यावरून कुरबुरी झाल्या, यात नवल नाही. निर्माते आणि व्यवस्थापक मागच्या बाजूवर आपले नाव असलेले गाणे घुसवण्यासाठी का धडपडत, याचे उत्तरही हेच आहे.

४. कंपन्या मुद्दाम सुमार गाणे मागे टाकत, हे खरे का?

काही वेळा खरे आहे. एखाद्या निवेदकाने तबकडी उलटवून मागचे गाणे वाजवायला सुरुवात केली की जाहिरातीचा सारा जोर दोन गाण्यांत विभागला जाई आणि कधीकधी दोन्हीही पडत. निर्माता फिल स्पेक्टर याने यावर सरळ उपाय काढला होता: मागच्या बाजूवर स्टुडिओतल्या वादकांनी हाताला येईल ते वाजवलेले एखादे वाद्यसंगीत टाकायचे आणि त्याला त्याच वादकांची नावे द्यायची. १९६३ साली आलेल्या रोनेट्सच्या 'बी माय बेबी'च्या मागे 'टेडेस्को अँड पिटमन' नावाची जी चीज आहे ती याच जातीची. टेडेस्को आणि पिटमन हे दोघे गिटारवादक होते. याहून वरचढ युक्ती १९६६ साली नेपोलियन चौदावा असे नाव घेतलेल्या गायकाच्या विनोदी तबकडीवर झाली. मागच्या बाजूला पुढचेच गाणे उलट्या दिशेने वाजवलेले होते, आणि नावही उलटे छापले होते.

पुढे रेडिओ केंद्रांना पाठवायच्या प्रतींवर दोन्ही बाजूंना एकच गाणे देण्याची पद्धत पडली, एका बाजूस मोनो आणि दुसऱ्या बाजूस स्टीरिओ. त्यानंतर निवेदकाने तबकडी उलटवूनही काही साधत नसे. मात्र मागे भरताडच टाकण्याचा नियम स्पेक्टरच्याच कंपनीच्या तबकडीवर मोडला गेला तेव्हा काय झाले, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. मागचे गाणे लोकांपर्यंत पोहोचायचे कसे? तबकडी उलटवत असे कोण?

चार माणसे. पहिला रेडिओचा निवेदक, विशेषतः लहान शहरातील, ज्याच्यावर कंपनीचा दाब कमी असे. दुसरा ज्यूकबॉक्सपाशी, म्हणजे नाणे टाकले की निवडलेले गाणे वाजवणाऱ्या यंत्रापाशी, नाणे घेऊन उभा असलेला तरुण: १९४८ साली आलेले सीबर्ग कंपनीचे ज्यूकबॉक्स पन्नास तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवीत असे, म्हणजे शंभर गाण्यांच्या यादीत मागची पन्नास गाणीही पुढच्यांइतक्याच मानाने बसलेली असत. तिसरा म्हणजे घरी तबकडी घेऊन आलेला, पैसे वसूल करण्याच्या हिशेबाने दोन्ही बाजू ऐकणारा सामान्य गिऱ्हाईक. आणि सत्तरच्या दशकात चौथा आला, तो नाचघरातील डिस्क जॉकी.

या चौथ्याने केलेली सर्वांत मोठी उलथापालथ म्हणजे ग्लोरिया गेनरचे 'आय विल सर्व्हाइव्ह'. १९७८ साली पॉलिडोर कंपनीला तिच्या आवाजात 'सब्स्टिट्यूट' हे गाणे हवे होते. ते काम फ्रेडी पेरेन आणि डिनो फेकारिस या निर्मात्यांकडे गेले आणि मागच्या बाजूला त्यांनी स्वतः रचलेले गाणे आले. गेनरला त्याआधी रंगमंचावर पडून पाठीला गंभीर दुखापत झालेली होती आणि कंबरेला पट्टा बांधून ती स्टुडिओत उभी राहिली होती, हे कळल्यावर 'मी तगून राहीन' हे शब्द जरा निराळे ऐकू येतात. न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या क्लबात रिची काझोर हा जॉकी मागचीच बाजू वाजवू लागला, मागणी रेडिओपर्यंत गेली आणि कंपनीला बाजू बदलाव्या लागल्या. मार्च १९७९ मध्ये गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. ग्रॅमीने सर्वोत्तम डिस्को ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार फक्त एकदाच, १९८० साली, दिला. तो याच गाण्याला मिळाला. 'सब्स्टिट्यूट' गेनरने गायले होते याची आज कोणाला आठवणही नसते.

६. मागच्या बाजूने पुढचीला पूर्ण झाकून टाकल्याची खात्रीशीर उदाहरणे कोणती?

सर्वांत थोर उदाहरण पहिले घेऊ. १२ एप्रिल १९५४ रोजी बिल हेली आणि त्याचा 'कॉमेट्स' हा वृंद न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपल येथील डेक्काच्या स्टुडिओत उशिरा पोहोचला. हाताशी असलेल्या वेळातील बहुतेक वेळ 'थर्टीन विमेन' या गाण्यावर गेला. अणुबॉम्ब पडल्यानंतर उरलेला एक पुरुष आणि तेरा बायका असा त्या गाण्याचा विषय होता. उरलेल्या थोड्या मिनिटांत दुसरे गाणे दोन वेळा वाजवून घेतले गेले, आणि ते होते 'रॉक अराउंड द क्लॉक'. मे महिन्यात तबकडी आली तेव्हा ते मागच्या बाजूला होते. पुढच्या वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजले आणि जुलै १९५५ पासून आठ आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी राहिले. रॉक अँड रोल नावाच्या गोष्टीची ओळख जगातल्या असंख्य लोकांना ज्या गाण्याने झाली ते उरल्यासुरल्या वेळात झालेले आहे.

राइचस ब्रदर्स यांचे 'अनचेन्ड मेलडी' १९६५ साली 'हंग ऑन यू'च्या मागे आले. हीच ती स्पेक्टरच्या कंपनीची तबकडी. बॉबी हॅटफील्डने एकट्याने गायलेले ते गाणे निवेदकांनी उचलले आणि ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. २५ वर्षांनी 'घोस्ट' या चित्रपटामुळे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. दुसरा गायक बिल मेडली याचे सांगणे असे की मागची बाजू असल्यामुळे तिची निर्मिती स्पेक्टरने नव्हे, आपण केली.

'मॅगी मे' हे रॉड स्ट्यूअर्टचे १९७१ चे गाणे टिम हार्डिनने रचलेल्या आणि स्ट्यूअर्टनेच गायलेल्या 'रीझन टू बिलीव्ह'च्या मागे होते. त्याला ध्रुवपद नाही, ते पाच मिनिटांहून लांब आहे, आणि कोणत्याही अनुभवी विक्रेत्याने ते मागेच टाकले असते. तरीही ते दोन्ही देशांत पहिले आले. त्याच वर्षी बिल विदर्स याचे 'एन्ट नो सनशाइन' हे 'हार्लेम'च्या मागून वर आले. त्यातील 'आय नो' हे दोन शब्द तो २६ वेळा म्हणतो. तेथे त्याला आणखी एक कडवे लिहायचे होते, पण सोबतच्या वादकांनी आहे तसेच राहू दे म्हटले. एरवी हा आळस ठरला असता.

बाकीची थोडक्यात. जीन व्हिन्सेंटचे 'बी-बॉप-अ-लुला' (१९५६) हे 'वूमन लव्ह'च्या मागे होते. चॅम्प्स यांचे 'टकीला' (१९५८) हे 'ट्रेन टू नोव्हेअर'च्या मागे होते. त्यात सॅक्सोफोन आणि तीनदा उच्चारलेला एकच शब्द आहे. टोकन्सचे 'द लायन स्लीप्स टुनाइट' (१९६१) 'टीना'च्या मागे, आणि देम या वृंदाचे 'ग्लोरिया' (१९६४) 'बेबी, प्लीज डोन्ट गो'च्या मागे होते. बुकर टी. अँड द एम.जी.ज यांचे 'ग्रीन अनियन्स' (१९६२) हे मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत केवळ 'बिहेव्ह युअरसेल्फ'ला जोडीदार हवा म्हणून वाजवले गेले. ऑर्गनवर बसलेला बुकर टी. तेव्हा १७ वर्षांचा होता.

७. पण 'उजवी' ठरली हे कोणी ठरवायचे? खपावरून, की कानावरून?

या दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून मी तीन प्रकार वेगळे धरतो. प्रश्न ६ मधील गाणी पहिल्या प्रकारची, म्हणजे त्या काळीच बाजारात जिंकलेली. दुसऱ्या प्रकारची गाणी तेव्हा मागेच राहिली, पण काळाच्या ओघात पुढे गेली. क्वीनचे 'वी विल रॉक यू' (१९७७) 'वी आर द चॅम्पियन्स'च्या मागे होते आणि आज जगातल्या कोणत्याही क्रीडांगणावर त्याच्या ठेक्याच्या टाळ्या ऐकू येतात. तिसरा प्रकार वादाचा: दोन्ही गाणी चांगली, पुढचे गाणे गाजलेलेही, आणि तरीही जाणकार मागच्याकडे झुकतात. प्रश्न ८ आणि १२ यांतील बहुतेक उदाहरणे या तिसऱ्या प्रकारची आहेत. तेथे पुराव्याने सिद्ध करण्यासारखे काही नसते, आणि वाचकाने माझ्याशी भांडायला हरकत नाही.

८. बीटल्सच्या मागच्या बाजू इतक्या वाखाणल्या जातात त्या का?

त्यांनी मागच्या बाजूला भरताड टाकण्याचे जवळजवळ टाळले, हे पहिले कारण. आणि एकाच वृंदात जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी असे दोन तोलामोलाचे रचनाकार असल्यामुळे पुढची बाजू एकाची गेली की मागची दुसऱ्याच्या वाट्याला येई, हे दुसरे. १९६६ साली मॅकार्टनीच्या 'पेपरबॅक रायटर'च्या मागे लेननचे 'रेन' आले. त्यातील वाद्यांचे मूळ मुद्रण वेगात करून नंतर संथ केलेले आहे आणि शेवटी गायकाचा आवाज उलटा वाजतो. आज सर्वांना परिचित असलेली ही करामत तेव्हा लोकप्रिय गाण्यात नवी होती. पुढच्या बाजूचे गाणे चतुर आहे, मागचे गाणे अवघे ध्वनिविश्व बदलून टाकते. माझा कौल निःसंशय मागच्याला.

१९६७ च्या 'हॅलो, गुडबाय'च्या मागे 'आय अॅम द वॉलरस' गेले, ही गोष्ट लेननला लागली होती, आणि ती लागावी अशीच होती. कंपनीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की नाताळच्या खरेदीत 'वॉलरस' खपवणे कोणालाही जड गेले असते. 'हे जूड'च्या मागच्या 'रेव्होल्यूशन'बाबत (१९६८) मात्र निवड योग्य होती असे मला वाटते. 'गेट बॅक'च्या मागील 'डोन्ट लेट मी डाउन' (१९६९) ऐकताना मी दर वेळी मत बदलतो.

९. बीटल्सच्या एका गाण्याचे मुद्रण मुंबईत झाले होते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ते मागच्याच बाजूचे गाणे आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने येथील वादकांकडून अनेक तुकडे वाजवून घेतले. त्या सत्रांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हेही होते. हातासरशी एक जादा तुकडाही मुद्रित झाला. सरोद, बासरी, हार्मोनियम अशा वाद्यांच्या त्या मुद्रणावर फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याने आवाज चढवला आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागे 'द इनर लाइट' या नावाने ते प्रसिद्ध झाले. शब्द लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'च्या ४७ व्या प्रकरणावरून घेतलेले आहेत. ही कल्पना त्याला केंब्रिज येथील संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी सुचवली होती. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. त्यात इतर तिघांपैकी कोणीही वाद्य वाजवलेले नाही.

भारतीय वाद्ये वापरणाऱ्या त्या काळच्या पाश्चात्य गाण्यांत सतार बहुधा अत्तरासारखी शिंपडलेली असते. येथे तसे नाही: वादकांना आपल्या अंगाने वाजवू दिलेले आहे, जलद आणि संथ भाग आलटूनपालटून येतात, आणि गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. 'लेडी मॅडोना' अधिक खपले, अधिक वाजले, आणि ते चांगलेही आहे. पण मला विचाराल तर त्या तबकडीची जी बाजू घासून झिजायला हवी ती मागची आहे.

१०. 'दुहेरी ए बाजू' म्हणजे काय? ती असेल तर मागची बाजू उरतेच कुठे?

दोन गाण्यांपैकी कोणते पुढे ठेवायचे यावर एकमत होत नसेल, किंवा दोन्हींच्या बळावर खप वाढवायचा असेल, तर कंपनी दोन्ही बाजू 'ए' असल्याचे जाहीर करी. १९६५ सालचे 'डे ट्रिपर' आणि 'वी कॅन वर्क इट आउट' हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात धोकाही असे: १९६७ साली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' असे एकास एक सरस जोडगाणे असूनही ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडले, आणि वर होते एंगेलबर्ट हम्परडिंक याचे 'रिलीज मी'. अशा तबकड्या मी या चर्चेतून वगळतो, कारण जेथे उतरंडच नाही तेथे ती उलथली असे म्हणता येत नाही. एल्व्हिस प्रेस्लीच्या 'हाउंड डॉग' आणि 'डोन्ट बी क्रूएल' (१९५६) या तबकडीची गोष्ट मात्र सीमेवरची आहे. ती निघाली तेव्हा वेष्टनावर 'हाउंड डॉग' ठळक होते, मागचे गाणे तितकेच गाजल्यावर छपाई बदलली, आणि दोन्ही मिळून ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

११. अमेरिकेच्या यादीत दोन्ही बाजूंना वेगवेगळे क्रमांक कसे मिळत?

बिलबोर्ड नियतकालिकाची 'हॉट १००' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. तीत विक्रीबरोबर रेडिओवरील वाजणेही मोजले जात असल्यामुळे एका तबकडीची दोन गाणी स्वतंत्रपणे चढत-उतरत. म्हणूनच 'हे जूड' नऊ आठवडे पहिले असताना 'रेव्होल्यूशन' वेगळे १२ व्या क्रमांकापर्यंत गेले. २९ नोव्हेंबर १९६९ च्या यादीपासून दोन्ही बाजू एकत्र मोजण्याचा नियम आला आणि त्याच आठवड्यात बीटल्सचे 'कम टुगेदर' व 'समथिंग' जोडीने अग्रस्थानी गेले. हा बदल क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या वृंदाच्या एका तबकडीच्या मधोमध आला: मागचे 'फॉर्च्युनेट सन' तोवर एकटे १४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, आणि नंतर 'डाउन ऑन द कॉर्नर'शी जोडले जाऊन तिसरे झाले. त्यामुळे १९६९ च्या अलीकडचे आणि पलीकडचे क्रमांक शेजारी ठेवून तुलना करू नये. ब्रिटनमध्ये बहुधा एका तबकडीला एकच क्रमांक मिळे.

१२. जी मागची गाणी कोणत्याच अल्बमात नसतात, ती इतकी चांगली कशी?

अल्बमातून वगळलेले गाणे वाईटच असते असे नाही. कधी जागा पुरत नाही, कधी सूर जुळत नाही, कधी घरात भांडण असते. फ्लीटवुड मॅकच्या 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'बाबत यातले बरेच काही एकत्र आले. वृंदातील गायिका स्टीव्ही निक्स आणि गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम यांचे नाते तुटत असताना त्याने 'गो युअर ओन वे' लिहिले आणि तिने 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'. तिचे गाणे लांब पडते म्हणून 'रूमर्स' या अल्बमातून काढले गेले, त्या जागी तिचेच दुसरे छोटे गाणे आले, आणि १९७६ च्या अखेरीस ते बकिंगहॅमच्या गाण्याच्या मागे छापले गेले. म्हणजे एकाच तबकडीच्या एका तोंडावर त्याचा आरोप आणि दुसऱ्या तोंडावर तिचे उत्तर, आणि दोघांची पाठ एकमेकांकडे! पुढे या गाण्याच्या हक्कांवरून निक्सने वृंद सोडला. १९९७ साली पुन्हा एकत्र आल्यावर 'द डान्स'च्या कार्यक्रमात शेवटच्या ओळी बकिंगहॅमकडे रोखून पाहत तिने ते गायले, आणि त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. मागच्या बाजूच्या गाण्याने वीस वर्षे थांबून आपली जागा मिळवण्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

लेड झेपेलिनचे 'हे, हे, व्हॉट कॅन आय डू' (१९७०) 'इमिग्रंट साँग'च्या मागे, आणि पर्ल जॅमचे 'यलो लेडबेटर' (१९९२) 'जेरेमी'च्या मागे अशीच राहिली. ओअॅसिसने 'वंडरवॉल'च्या (१९९५) सोबत 'द मास्टरप्लॅन'सारखे गाणे देऊन टाकले. १९९८ साली अशा गाण्यांचा त्याच नावाचा संग्रह निघाला तेव्हा तो त्यांच्या तिसऱ्या अल्बमापेक्षा भरीव आहे असे अनेकांनी म्हटले, आणि माझेही तेच मत आहे. प्रिन्सने तर 'एरॉटिक सिटी'सारख्या मागच्या गाण्यांची स्वतंत्र सीडीच १९९३ च्या संग्रहात घातली.

१३. एकच गाणे एका देशात 'ए' आणि दुसऱ्या देशात 'बी' असू शकते का?

असू शकते, आणि याद्या करणारे येथेच चुकतात. बीच बॉइजचे 'गॉड ओन्ली नोज' १९६६ साली अमेरिकेत 'वुडन्ट इट बी नाइस'च्या मागे होते आणि ३९ व्या क्रमांकावर थांबले. ब्रिटनमध्ये तेच पुढच्या बाजूला येऊन दुसऱ्या क्रमांकावर गेले. मॅडोनाचे 'इंटू द ग्रूव्ह' १९८५ साली अमेरिकेत 'एंजल'च्या केवळ बारा इंची तबकडीच्या मागे होते. सात इंची सिंगल म्हणून ते आलेच नाही, त्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार 'हॉट १००'मध्ये त्याला प्रवेशच नव्हता. ब्रिटनमध्ये ते 'ए' बाजू म्हणून निघाले आणि मॅडोनाचे तेथील पहिले अग्रक्रमाचे गाणे ठरले. म्हणून 'ही बी बाजू होती' असे वाक्य लिहिताना देश आणि वर्ष जोडावे.

१४. 'कुंग फू फायटिंग' हे मुळात मागच्या बाजूचे गाणे होते ना?

त्यासाठी केले गेले होते, पण त्या बाजूवर ते बाजारात आले नाही. बंगळूरहून इंग्लंडला गेलेला निर्माता बिड्डू १९७४ साली कार्ल डग्लसकडून एक वेगळेच गाणे गाऊन घेत होता. सत्राच्या शेवटी दहाएक मिनिटे उरली तेव्हा हे दुसरे गाणे घाईने उरकले. पाय (Pye) या तबकड्यांच्या कंपनीतील माणसाने दोन्ही ऐकून बाजू बदलायला लावल्या, आणि गाणे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिले आले. हाच बिड्डू पुढे 'कुर्बानी'तील (१९८०) नाझिया हसनच्या गाण्यामुळे आपल्या घराघरांत पोहोचला. स्टीम या नावाने आलेले 'ना ना हे हे किस हिम गुडबाय' (१९६९) हेही मागच्या बाजूसाठी करून शेवटी पुढे आलेले. मी यांना मागच्या बाजू मानत नाही, कारण यांत श्रोत्यांनी काहीच उलटवले नाही. कंपनीलाच वेळेत जाग आली.

१५. आपल्या हिंदी-मराठी तबकड्यांनाही 'ए' आणि 'बी' बाजू होत्याच की?

बाजू होत्या, ही चढाओढ नव्हती. चित्रपटगीताची कीर्ती चित्रपटगृहात आणि रेडिओवर ठरे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' क्रमांक देई तो गाण्याला देई, तबकडीच्या बाजूला नव्हे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे लांब गाणे पुष्कळदा दोन भागांत चिरून दोन्ही बाजूंना बसवले जाई. तेथे कोणती बाजू सरस हा प्रश्न गैरलागू आहे. नंतरच्या सात इंची तबकड्यांवर बहुधा चित्रपटाची चार गाणी असत. आपल्याकडे या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते ती चित्रपटबाह्य भावगीतांची तबकडी, जीत एका गायकाची दोन गाणी पाठीला पाठ लावून येत आणि कोणते रुजेल हे कार्यक्रमांतल्या फर्माइशी ठरवीत. जाता जाता: बीटल्सची काही गाणी कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरही छापली गेली, आणि त्यांच्यावर आज जगभरचे संग्राहक तुटून पडतात.

१६. बारा इंची सिंगल, कॅसेट किंवा सीडी यांवरील तिसऱ्या गाण्याला 'बी' बाजू म्हणावे का?

म्हणण्याची रूढी आहे. सीडीला उलटवण्याजोगी बाजूच नसते, तरी नव्वदच्या दशकात सिंगलवरील जादा गाण्यांना सर्रास हेच नाव होते. रेडिओहेडचे 'टॉक शो होस्ट' (१९९६) असेच. खरी गुंतागुंत बारा इंची तबकडीची आहे. द स्मिथ्स यांचे जवळजवळ सात मिनिटांचे 'हाउ सून इज नाउ?' १९८४ साली 'विल्यम, इट वॉज रिअली नथिंग'च्या फक्त बारा इंची आवृत्तीवर जादा गाणे म्हणून आले. मागणी वाढल्यावर १९८५ च्या आरंभी ते स्वतंत्र 'ए' बाजू झाले, पण तोवर ते ज्यांना हवे होते त्यांच्यापाशी पोहोचलेले होते आणि यादीत २४ व्या क्रमांकावर थबकले. उशिरा दिलेल्या बढतीचे बहुधा असेच होते.

१७. माझ्या हातातील तबकडीची 'ए' बाजू कोणती, हे कसे ओळखावे?

ब्रिटनमधील साठच्या दशकातील नमुना-प्रतींवर पुष्कळदा मोठे 'ए' अक्षरच छापलेले असते, आणि अमेरिकेतील काही प्रतींवर 'प्लग साइड', म्हणजे जाहिरात करायची बाजू, असा शब्द असतो. तसे काही नसेल तर लेबलावरील क्रमांकाच्या शेवटी अक्षर आहे का ते पाहावे, आणि मग मधल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला साचा-क्रमांक वाचावा; मात्र लहान क्रमांक म्हणजे 'ए' असे गृहीत धरू नये, कारण तो बऱ्याचदा मुद्रणाचा क्रम दाखवतो. पुनर्मुद्रित 'गोल्डन' मालिकांपासून विशेष सावध राहावे. त्यांत दोन जुनी गाजलेली गाणी पाठीला पाठ लावून विकली जातात, आणि त्यावरून मूळ जोडी कळत नाही. 'अनचेन्ड मेलडी'च्या मागे 'हंग ऑन यू' नसेल, तर ती तबकडी १९६५ ची नव्हे.